देवमाशाची तरतूद : एका हरकतीचा समाचार

कोकणच्या किनाऱ्यावर देवमासे, डॉल्फिन आदी सागरी सस्तन प्राण्यांची सुटका आणि शुश्रूषा करणारे एखादे कायमचे केंद्र असावे, असा विषय निघाला की त्यावर हटकून जी हरकत घेतली जाते, ती वरकरणी इतकी समंजस आणि व्यवहारी असते की तिला उत्तर द्यायला उभा राहणारा मनुष्य आरंभीच भाबडा ठरतो. वाळूला लागलेला देवमासा मरतोच; त्याला हौदात ठेवून बरे करण्याची विद्या कोणापाशी नाही; आणि ज्या जिल्ह्यात विंचू चावलेल्या माणसाला अपरात्री डॉक्टर मिळेल याची हमी देववत नाही, त्या जिल्ह्याने समुद्रातल्या जनावरासाठी सरकारी तिजोरी उघडावी, हा कोणता न्याय? आम्ही कळंबोलीकरांनी हा विषय काढला तर हरकतीला उपहासाची फोडणीही मिळते. लोखंडाची गोदामे, ट्रेलरच्या रांगा आणि द्रुतगती मार्गाचे तोंड एवढीच ज्या वसाहतीची ख्याती, तिने देवमाशाची उठाठेव कशाला करावी, असे विचारले जाते.

आक्षेपकाने विंचवाचा दाखला द्यावा, हे एका अर्थी बरेच झाले; कारण याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात, लाल विंचवाच्या दंशाविषयी ‘तो मनुष्य मरतोच’ हेच वाक्य पूर्वी अगदी याच निर्धास्तपणे उच्चारले जात असे. डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, रुग्णांच्या उशाशी रात्रीच्या रात्री बसून त्यांनी नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या नोंदी केल्या, मृत्यू फुप्फुसात पाणी भरल्याने होतो हे ताडले, आणि पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरून, जेथे शंभरातले चाळीस दगावत तेथे एखादाच दगावेल, इतका फरक घडवून आणला. ‘मरतोच’ हा शब्द वैद्यकशास्त्राचा निष्कर्ष नव्हता. नोंद ठेवणारा कोणी तेथे बसलेला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ होता. देवमासा आणि माणूस यांना एका पारड्यात घालण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या रोगाकडे कोणी पाहिलेच नाही तो असाध्य आहे, असा निकाल देण्याची आपली जी जुनी वहिवाट आहे, ती मात्र दोन्ही ठिकाणी एकच आहे.

आता प्रत्यक्ष घटनेकडे वळू. २४ जून २०१५ रोजी रेवदंड्याच्या किनाऱ्याला सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत लागला. कोळी बांधव, गावकरी आणि सरकारी कर्मचारी यांनी त्याला पाण्यात लोटण्यासाठी तासन् तास शिकस्त केली. तो मेला, आणि त्याला किनाऱ्यावरच पुरावे लागले. हातांची उणीव तेथे नव्हती, भूतदयेची तर मुळीच नव्हती. उणीव होती ती माहीतगाराची, साधनाची आणि अखत्याराची. पाण्यात ज्याचे वजन पाणीच पेलते, त्या जनावराला वाळूवर स्वतःच्या देहाचाच भार असह्य होतो. फुप्फुसे दबतात, खालच्या बाजूचे स्नायू चिरडून त्यांतले विषारी द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे निकामी करते, म्हणजे वरून तो शाबूत दिसत असतानाच आतून त्याचा घात झालेला असतो. थंडीपासून राखणारा चरबीचा जाड थर किनाऱ्यावर भट्टीसारखा वागतो, त्यामुळे तो थंडीने नव्हे, उष्म्याने मरतो. कातडी उन्हाने पोळून तिचे पापुद्रे सुटतात. अशा वेळी त्याला पोटावर नीट बसवावे लागते, पुढच्या वल्ह्यांखाली वाळू उकरून खळगे करावे लागतात, अंगावर ओली चादर घालावी लागते. मात्र माथ्यावरचे श्वासाचे छिद्र मोकळे ठेवावे लागते, कारण त्यात उत्साहाने ओतलेली पाण्याची एक बादलीसुद्धा त्याला गुदमरवते. आणि शेपटीला दोर बांधून त्याला कधीही ओढायचे नसते, कारण पाठीचा कणा तेथूनच निखळतो. हे सर्व किनाऱ्यावरच्या दहा माणसांना आधी ठाऊक असणे आणि घटना घडल्यावर कोणी तरी फोनवरून सांगणे, यांत प्राण्याच्या आयुष्याचे अंतर आहे. शिवाय भरतीचा हिशेब आहेच. उधाणाच्या परमावधीला वाळूवर चढलेले जनावर पुढच्या भरतीला तरंगेलच असे नाही, कारण भांगाकडे झुकणारे पाणी प्रत्येक खेपेला थोडे थोडे मागे राहते. हे कोणत्याही तांडेलाला विचारावे, तो तिथीवरून सांगेल. पण तांडेलाला विचारण्याचा शिरस्ता आपल्या कोणत्या कार्यालयात आहे?

आक्षेपक येथे गणपतीपुळ्याचे उदाहरण पुढे करील, आणि ते करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. १३ नोव्हेंबर २०२३ ला, आश्विन अमावास्येच्या उधाणात आणि दिवाळीच्या ऐन गर्दीत, सुमारे २० फुटांचे देवमाशाचे पिल्लू तेथील पुळणीला लागले. सुमारे चाळीस तास खटपट झाली, टगबोटीच्या साह्याने त्याला खोल पाण्यात नेऊन सोडले, वर्तमानपत्रांनी जीवदान मिळाल्याची वार्ता छापली, आणि एक-दोन दिवसांतच ते मृतावस्थेत परत किनाऱ्याला आले. इतक्या लोकांनी इतके करून जर हीच गत, तर केंद्र बांधून काय साधणार, असा हा पेच आहे. माझे म्हणणे असे की या घटनेने केंद्राची निरर्थकता सिद्ध होत नाही. केंद्रात बसणाऱ्या मनुष्याला जो अप्रिय निर्णय घ्यावा लागला असता, तो घ्यायला कोणीच नव्हते, एवढेच सिद्ध होते. आईच्या दुधावर असलेले पिल्लू आईवाचून समुद्रात सोडणे म्हणजे त्याला मरणाच्या दुसऱ्या दारी नेऊन पोचवणे आहे. असे पिल्लू हाताने वाढवून सोडल्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे: जानेवारी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडलेले ‘जेजे’ नावाचे करड्या देवमाशाचे पिल्लू सॅन डिएगोच्या सीवर्ल्डने चौदा महिने सांभाळले आणि ३१ मार्च १९९८ रोजी सोडले, तेव्हा ते आठ टनांहून जड झाले होते, त्याच्या अंगावरची संदेशयंत्रे थोड्याच दिवसांत निसटली आणि पुढे त्याचे काय झाले ते कोणालाच कळले नाही. तेवढे वैभव आपल्यापाशी नाही आणि असते तरी ते तेथे खर्चू नये, या मताचा मी आहे. मग उरतो तो मार्ग वेदनामुक्त मरणाचा, आणि येथे आपला कायदा आक्षेपक समजतो तितका आंधळा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ११ असे सांगते की पहिल्या अनुसूचीतला प्राणीदेखील बरा होण्यापलीकडे जखमी वा रोगग्रस्त असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतात. परंतु ही परवानगी मागायची कोणी, कोणत्या तपासणीच्या आधारावर, आणि भरती येण्याच्या आत ती त्यांच्या नागपूरच्या कार्यालयातून किनाऱ्याला पोचायची कशी, हे ठरलेले नसेल, तर सद्भावनेपोटी आपण एका तडफडणाऱ्या जिवाला दोनदा मारतो. ज्याला वाचवता येत नाही त्याचे हाल थांबवणे, हेही शुश्रूषा केंद्राचे काम आहे. ते लोकप्रिय नाही म्हणून कोणी बोलत नाही.

माझ्या बाजूच्या मंडळींनाही येथे दोन शब्द सुनावले पाहिजेत. केंद्राचे समर्थन करताना ते कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटोच्या मरीन मॅमल सेंटरचे दाखले देतात. १९७५ साली स्थापन झालेली आणि एका जुन्या क्षेपणास्त्र तळाच्या जागेवर उभी राहिलेली ती संस्था थोर आहे, यात वाद नाही. पण तिच्या रुग्णांत बहुसंख्य भरणा सील आणि सागरसिंहांचा असतो, जे निसर्गतःच निम्मे आयुष्य खडकावर लोळत काढतात आणि हौदाकाठी सुखाने बरे होतात. आपल्या समुद्रात सील नाही. आपल्याकडे येतो तो खाडीच्या तोंडाशी वावरणारा कुबड असलेला डॉल्फिन, पाठीवर पंखच नसलेला लाजरा पॉरपॉइज, आणि क्वचित भला थोरला देवमासा. यांतल्या एकालाही कोरडी जमीन क्षणभर मानवत नाही. म्हणून आपल्याला घ्यायचाच असेल तर धडा केप कॉडचा घ्यावा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील या आकड्यासारख्या वळलेल्या भूशिराच्या उथळ आखातात ओहोटीबरोबर डॉल्फिनांचे कळपच्या कळप अडकतात. तेथल्या प्राणिरक्षक संस्थेने पुष्कळ वर्षे भिस्त ठेवली ती गाडीवर: डॉल्फिनाला मऊ झोळीतून उचलायचे, गाडीतच रक्त तपासायचे, पोटात पाणी आणि औषध द्यायचे, कानाची परीक्षा घ्यायची, कारण ऐकू न येणारा डॉल्फिन आंधळ्याहून पांगळा, आणि भूशिराच्या पलीकडच्या खोल पाण्यात त्याच दिवशी सोडून द्यायचे. अल्प मुदतीच्या उपचारांचे लहानसे इस्पितळ त्यांनी ऑर्लीन्स येथे उघडले ते २०२३ मध्ये, म्हणजे गाडीचा अनुभव पाठीशी घेऊन. जून २०२४ मध्ये वेलफ्लीटला एकाच वेळी १४६ डॉल्फिन अडकले, त्यांतले सुमारे शंभर वाचले. ‘मरतोच’ म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा नजरेखालून घालावा.

आणि चाकांचा विषय निघाल्यावर कळंबोलीचा उपहास करण्यात हशील राहत नाही. पळस्पे फाट्यावरून पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग, चौल करीत रेवदंड्याला जाणारा रस्ता आमच्या दारावरून जातो; उरणचा रस्ता येथूनच फुटतो, ठाणे-मुंबईचाही, गोव्याचाही (त्या महामार्गाच्या कामाविषयी काही न बोलणेच सभ्यपणाचे). पण रस्त्याहून मोठी गोष्ट आहे ती येथल्या माणसांच्या हाताची. येथल्या पोलाद बाजारात हायड्रा क्रेनवर चढणारी पत्र्याची गुंडाळी कधी निवांतपणे पाहावी. माथाडी कामगार साखळी कधीच थेट लावत नाही. आधी रुंद पट्टा घेतो, कडेला गोणपाटाची घडी सारतो, पट्ट्याची दोन्ही टोके एका लांबीची आहेत ना हे हाताने चाचपतो, मग मुकादम नुसत्या पंजाच्या खुणेने हायड्रावाल्याला वीतभर उचलायला लावतो, भार कोणत्या बाजूला कलतो ते बघतो, आणि तोल जमला तरच पुढची खूण करतो. किती टनांना कोणता पट्टा, त्याची शिवण कोठे उसवली की तो फेकून द्यायचा, वळणावर ट्रेलरचा वेग किती ठेवायचा, हे ज्ञान ज्यांच्या बोटांत आहे, त्यांना जिवंत भार उचलण्याच्या चार गोष्टी शिकवणे हे पशुवैद्याला हायड्रा शिकवण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. किनाऱ्यावर आजवर जे होत आले ते असे की जवळपास मिळेल तो जेसीबी आणि होड्यांवरचा सापडेल तो दोर आणायचा. साधनांचे भांडार आणि तयार गाडी एखाद्या नाक्यावर ठेवायची, तर जिल्ह्यात कळंबोलीइतके सोयीचे ठिकाण मला तरी दिसत नाही.

राहिला गरिबांचा कैवार. तो घेणाऱ्यांविषयी मला आदर आहे. फक्त ते कैवार घेतात तेव्हा दर्यावरच्या गरिबाला विचारत नाहीत. डॉल्फिन जाळ्यात गुरफटला की दर काही मिनिटांनी श्वास घ्यायला वर येऊ न शकल्याने बुडून मरतो, आणि त्याला जिवंत सोडायचे तर जाळे कापावे लागते. म्हणजे नुकसान खलाशाचे. महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या अखेरीस अशा मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना काढली, आणि तिच्यामुळे कित्येक कासवे, देवमुशी आणि डॉल्फिन सुटले, हे मला या सबंध राज्याच्या कारभारातले एक शहाणपणाचे पान वाटते. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने कासवांची घरटी राखायला घेतली, डहाणूला वनखात्याच्या साथीने जखमी कासवांवर उपचार होऊ लागले, तेव्हा गावकऱ्यांचा घास कोणी हिरावून घेतला असे ऐकिवात नाही. उलट ज्याने खाडीतला घास खरोखर हिरावला त्याचा पत्ता कळंबोलीकरांना चांगला ठाऊक आहे. तळोज्याच्या कारखान्यांना वळसा घालून येणारी कासाडी नदी आमच्या शिवेवरून पनवेलच्या खाडीकडे जाते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याचे भटके कुत्रे निळे झाले, तेव्हा त्या पाण्यात काय सोडले जाते हे सगळ्या देशाने छायाचित्रांत पाहिले. मासळी गेली ती या पाण्याने. डॉल्फिनावर खर्च केल्याने नव्हे. देवमाशाच्या बाबतीत सरकारी यंत्रणेला घाईच करता येत नाही असेही म्हणवत नाही. त्याच्या उलटीचा तुकडा कोणाच्या पिशवीत सापडला, तर सापळा, पंच, जप्ती, आरोपी आणि पत्रकार परिषद हे सगळे एका दिवसात जुळून येते.

परंतु उघड विरोधकापेक्षा मला धास्ती वाटते ती एका विशिष्ट प्रकारच्या मित्राची. हा मित्र म्हणतो: केंद्र अवश्य बांधू, मात्र त्याने आपला खर्च आपणच काढावा, काचेच्या भिंती करू, तिकीट लावू, शाळांच्या सहली आणू. मालवण तालुक्यातल्या तोंडवळीला शेकडो एकरांवर सी-वर्ल्ड उभारण्याचे जे बेत झाले आणि ज्यांना तेथील ग्रामस्थांनी निकराने विरोध केला, त्यांची स्मृती अद्याप ताजी असताना ही भाषा ऐकली की अंगावर काटा येतो. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने १७ मे २०१३ च्या परिपत्रकाने डॉल्फिनांना करमणुकीसाठी कोंडण्याचे प्रस्ताव नाकारावेत असे राज्यांना कळवले आहे, तेव्हा उघड डॉल्फिनघर आता निघणार नाही. निघेल ते शुश्रूषेच्या पाटीखाली. हॉलंडात नेमके हेच घडले. २०१० च्या उन्हाळ्यात वाडन समुद्रात एक कृश, पोरकी ऑर्का सापडली. ‘मॉर्गन’ असे तिचे नाव ठेवून, बरी करून सोडण्याच्या बोलीवर तिला हार्डरवाइकच्या डॉल्फिनघरात नेले. ती बरी झाली, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये समुद्रात न जाता टेनेरिफ बेटावरच्या प्राणी उद्यानातल्या तलावात गेली, ती पुढे तेथेच राहिली. न्यायालयातही हा व्यवहार कायदेशीर ठरला. ज्या संस्थेचा चरितार्थ तिकिटावर चालतो तिला बरा झालेला प्राणी सोडून देणे म्हणजे उत्पन्न सोडून देणे होय, आणि मनुष्यस्वभावाची एवढी कठीण परीक्षा घेणे शहाण्या शासनाला शोभत नाही. तेव्हा दरवाजावर तिकीट नको. केंद्रात कोणता प्राणी किती दिवसांपेक्षा अधिक ठेवायचा नाही, याची मुदत सनदेतच मुक्रर असावी, आणि ती वाढवण्याचा अधिकार केंद्र चालवणाऱ्याकडे नसावा.

एक बाब अशी आहे की जिचा विचार दोन्ही पक्षांनी केलेला मला आढळत नाही, ती म्हणजे मेलेल्यांची. जिवंत लागणारे थोडे. मरून लागणारे अधिक. जुहूच्या चौपाटीवर जानेवारी २०१६ मध्ये ब्राइड जातीच्या देवमाशाचा सुमारे ३० फुटांचा मृतदेह आला, तेव्हा तो पाहायला मुंबई लोटली होती. अशा वेळी होते काय? वनपाल येतो, लांबी-रुंदी मोजून पंचनामा करतो; पशुधन विकास अधिकारी, ज्याचे सारे आयुष्य म्हशी-शेळ्यांत गेले, तो कुजू लागलेल्या प्रचंड देहातून जमेल तो नमुना काढतो; आणि दुर्गंधीने हैराण झालेला गाव जेसीबीकडे बोट दाखवतो. जहाजाच्या धडकेने बरगड्या मोडल्या होत्या, की जाळ्याच्या दोराने शेपूट कापले होते, की कळपात साथ पसरली होती, हे पुष्कळदा त्या खड्ड्यातच राहते. न्हावा-शेवा आणि मुंबई ही दोन बंदरे एका खाडीमुखाशी असताना, आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये चित्रा व खलिजिया या जहाजांच्या टकरीनंतर सांडलेले तेल रायगडच्या किनाऱ्याने अंगावर झेललेले असताना, हे अज्ञान परवडणारे नाही. जहाजांचा वेग कोठे कमी करावा, कोणत्या महिन्यांत कोणती जाळी कोठे लावू नये, हे ठरवायला आधार लागतो, आणि तो आधार या शवांतूनच मिळायचा आहे. रत्नागिरीच्या मत्स्य संग्रहालयात सुमारे ५५ फुटांचा देवमाशाचा सांगाडा पिढ्यान् पिढ्या पोरे कुतूहलाने पाहत आली आहेत. सांगाडा ठेवायला जागा काढणाऱ्या राज्याला मृत्यूचे कारण लिहून ठेवायला एक वही आणि एक शीतपेटी जड जाऊ नये.

केंद्र सरकारने सागरी प्राणी किनाऱ्याला लागल्यास काय करावे याची मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहेत आणि राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करीत आहे, तेव्हा शून्यातून आरंभ करावयाचा नाही. अंदाजपत्रकात मागावयाचे ते एवढेच: झोळ्या, पट्टे, तंबू, औषधे आणि रक्ततपासणीची यंत्रे भरलेली एक गाडी; बारमाही पगारावरचे दोन पशुवैद्य, ज्यांना समुद्रापलीकडचे दुसरे काम सांगितले जाणार नाही; मांडव्यापासून श्रीवर्धनापर्यंत प्रत्येक बंदरावर शिकवून ठेवलेली कोळी तरुणांची टोळी, जिला हजेरीचे पैसे घटनेच्या दिवशीच मिळतील; आणि कलम ११ ची परवानगी भरतीच्या आत मिळेल अशी, आधीच आखून दिलेली कार्यपद्धती. एवढे दोन-तीन पावसाळे नीट चालले, तर लहान डॉल्फिन आणि पॉरपॉइज यांना काही दिवस ठेवता येईल अशा हौदाचा प्रश्न उपस्थित होईल, आणि तेव्हा सिडकोचे भूखंड दाखवायला पुष्कळ जण पुढे सरसावतील. तो हौद कळंबोलीत नको; आमच्या खाडीचे पाणी ज्याने पाहिले आहे त्याला कारण सांगायला नको. तो रेवदंडा ते मुरूड या पट्ट्यात, स्वच्छ खाऱ्या पाण्यालगत असावा, असे मी कळंबोलीचा रहिवासी असूनही आजच नमूद करून ठेवतो. गाडी मात्र आमच्याकडेच ठेवा.